ऊन पाहिलेली माती

वाळूचा कण खोटं बोलत नाही, हे वाक्य डॉ. वृषाली गावंडे इतक्या वेळा बोलली होती की लोक तिला त्याच वाक्यानं ओळखायचे. परिषदांत बोलली, वर्तमानपत्रांत बोलली, एरंडखेडच्या शाळेत फळ्यावर लिहूनसुद्धा आली. शेवटचं ती ते बोलली १६ मे २०४४ रोजी, सकाळी साडेदहाला, पूर्णेच्या काठी, दोन गावांच्या सातशे माणसांसमोर. त्यानंतर वीस मिनिटांत देवानंद मेसरे मेला. कण खरंच खोटं बोलला नव्हता. मग खोटं कोण बोललं, तेवढंच सांगायचं आहे.

पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारटच. तिथल्या माणसाला गोड मातीची किंमत विचारावी. २०३८च्या पुरात नदीनं उडी मारली, जुनं पात्र सोडलं आणि मागे दोनशे एकर गोड गाळ टाकून गेली. अलीकडे एरंडखेड, पलीकडे सांगवडी. मधली शीव ठरवणारे सात दगड नदीकाठच्या उंचवट्यावर पूर्वापार उभे होते. पूर तिथवर चढलाच नव्हता. तिसरा दगड उभा होता तीच त्याची खरी जागा धरली तर सगळा गाळ सांगवडीचा. एरंडखेडवाल्यांचं म्हणणं, हा दगड पुरानंतर कुणीतरी सरकवला. सहा वर्षं कोर्टकचेऱ्या, डोकेफोडी, जाळपोळ चालली होती. दोन्ही गावांच्या सोयरिकी मोडल्या. एकाच पंगतीत जेवणारी माणसं एकमेकांचे बैल विष घालून मारू लागली.

वृषालीचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. ती चार वर्षं तिथे नदीची साठ फुटी दरड वाचत होती. दरडीत एकावर एक गाळाचे थर. जाड थर म्हणजे मोठा पूर, पांढऱ्या क्षाराची रेघ म्हणजे दुष्काळ. पंधरा हजार वर्षांचा पाऊस तिथे रचून ठेवला होता. पाऊस याआधी कधी कधी पिसाळला आणि किती वर्षांनी शहाणा झाला, हे कळलं तर पुढे काय वाढून ठेवलंय ते सांगता येईल, म्हणून सगळा खटाटोप. आणि त्यासाठीच तिनं कांडी बनवली होती.

कांडी म्हणजे उसाच्या कांडीएवढी पोलादी नळी, तिला जोडलेला एक डबा. मातीत थोडंफार किरणोत्सर्गी द्रव्य सगळीकडेच असतं. त्याच्या माऱ्यानं गारगोटीच्या कणातले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि स्फटिकातल्या बारीक खोबणींत अडकून बसतात. बंद घरात धूळ साठत जावी तसं हे चालतं. कण अंधारात जितका जास्त काळ पुरलेला, तितके अडकलेले जास्त. त्या कणाला क्षणभर कडक ऊन लागलं की सगळे सुटतात, घर झाडून लख्ख होतं, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. कांडी मातीत खुपसली की आतल्या अंधारात ती कणावर निळा प्रकाश टाकते. अडकलेले सुटताना कण किंचित चमकतो. ती चमक मोजून कांडी सांगते, या कणानं शेवटचं ऊन कधी पाहिलं. पूर्वी याला प्रयोगशाळेत महिने लागत. कांडीला अकरा मिनिटं लागत, आणि अलीकडच्या वर्षांचा हिशेब ती आठवड्याहूनही कमी फरकानं सांगे.

असलं हत्यार सरकारच्या नजरेतून सुटतं होय? पुरलेली प्रेतं, चोरीची वाळू, रातोरात घातलेले बांध, सगळ्यांना कांडी लागू झाली. चाळीस चाळीस वर्षांचे दावे दुपारच्या जेवणाआधी निकालात निघाले. ‘कांडी म्हणाली’ अशी म्हणच पडली. कांडी म्हणाली की वकीलसुद्धा फायली आवरायचे.

तहसीलदार वाकोडे साहेबांनी विचारलं तेव्हा वृषाली लगेच हो म्हणाली. तिच्या खोदकामाच्या परवान्याचं नूतनीकरण त्यांच्या टेबलावर होतं हे खरं. पण त्याहून खरं हे की तिला मिरवायची हौस होती. आपलं यंत्र दोन गावांतला रक्तपात थांबवणार, याचा तिला मनापासून आनंद झाला होता.

देवानंद मेसरे तिचा खोदकऱ्या. जातीनं भोई, पन्नाशीचा, दोन्ही गावांच्या गावठाणाबाहेर नदीच्या वळणावर तीन झोपड्यांची वस्ती, त्यातल्या एकीत तो आणि त्याची बायको वनिता. दरड कशी कापायची, थराचा अंदाज हातानं कसा घ्यायचा, नमुन्यावर काळं कापड ऊन लागायच्या आत कसं टाकायचं, हे त्याला शिकवावं लागलं नाही. एकदा त्यानं विचारलं होतं, “ताई, हे नदीचे थर वर्साले एक पडते काय?”

“तेच तर दुखणं आहे,” वृषाली म्हणाली होती. “एखाद्या वर्षी दहा पडतात, मग पन्नास वर्षं एकही नाही. वर्षाला एक थर असं काही मिळालं ना देवानंद, तर माझ्या जन्माचं सोनं होईल.”

“वर्साले एक पाह्यजे तुमाले,” असं म्हणून तो बराच वेळ कुदळीच्या दांड्याकडे बघत हसला होता. वृषालीनं त्याकडे लक्ष दिलं नाही.

त्या १६ मेच्या सकाळी सातलाच तो तिच्या तंबूपाशी येऊन उभा राहिला. हातात टोपी. चहा घेतला नाही.

“ताई, थ्या तिसऱ्या दगडाखालचं नोका काढू जी.”

“का रे?”

“मले सांगता येत नाई.”

“देवानंद, आज हे झालं की सहा वर्षांची मारामारी संपते. कारण तरी सांग.”

तो घुटमळला. मग हळूच म्हणाला, “बरं, काढाच लागते म्हन्ता त ढेकूळ काढजा. आत, हातभर खाली हाय. वरची भुसभुशीत माती नोका घेऊ.”

वृषालीला हसू आलं, थोडा रागही आला. “आता तू मला शिकवणार का नमुना कुठला घ्यायचा ते?”

“नाई जी,” तो म्हणाला आणि कुदळ उचलून निघाला.

उंचवट्यावर वाकोडे साहेबांनी मांडव घातला होता, चार कर्ण्यांचा लाउडस्पीकर लावला होता. वृषालीच्या कॉलरला माइक अडकवला होता. एका बाजूला सांगवडी, दुसऱ्या बाजूला एरंडखेड, मध्ये दोरी आणि चार शिपाई. एरंडखेडच्या पुढच्या रांगेत अरविंद बोचरे बसला होता. उपसरपंच, धिप्पाड गडी, बोलायला गोड. चार वर्षं रोज दुपारी तो वृषालीच्या तंबूवर ताकाची बरणी पाठवत असे. त्याचा भाऊ दोन वर्षांपूर्वी याच गाळात सांगवडीच्या लोकांनी पावशीच्या पात्यानं कापला होता.

कांडी दगडाच्या पायथ्याशी घातली. माती भुसभुशीत, कांडी लोण्यात शिरावी तशी शिरली. वृषालीला देवानंदचं बोलणं आठवलं, पण साहेब घड्याळाकडे बघत होते आणि ऊन चढत होतं. अकरा मिनिटं सातशे माणसं डब्याकडे बघत राहिली. मग डब्यावर आकडा आला आणि तिनं तो मोठ्यानं वाचला.

“अकरा महिने, तेवीस दिवस.”

कुणाला काही कळेना. तिनंच उलगडून सांगितलं. “या दगडाखालची माती अकरा महिने तेवीस दिवसांपूर्वी उन्हात होती. म्हणजे गेल्या वर्षी दगड हलवलेला आहे. वाळूचा कण खोटं बोलत नाही.”

एरंडखेडच्या बाजूनं जो आवाज उठला त्यानं मांडवाचं कापड थरथरलं. सांगवडीचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, कारण त्यांच्यातल्या कुणी दगडाला हात लावला नव्हता. “कोनं सरकवला? नाव सांगा त्याचं!” बोचरे उभा राहून ओरडला.

वृषालीची नजर देवानंदकडे गेली. तो पांढराफटक पडला होता. तिच्या मनात एकदम आलं, याला ठाऊक होतं. चार वर्षं माझ्या हाताखाली काम केलं, माझ्या तंबूत चहा प्यायला, आणि मलाच फसवलं. अभिमानाला लागलेली ठेच फार वाईट. कॉलरला माइक आहे हे ती विसरली.

“देवानंद, म्हणून सकाळी म्हणालास का मला, तिसऱ्या दगडाखालचं काढू नका?”

चारही कर्ण्यांतून ते वाक्य सातशे माणसांवर पडलं. त्याच्या बोलण्याचा अर्धाच भाग तिनं सांगितला, उरलेला अर्धा तिच्या पोटातच राहिला.

दोरी कधी तुटली ते कळलंच नाही. पहिला दगड शिपायाच्या कानशिलात बसला, दुसरा वृषालीच्या कपाळावर. ती गुडघ्यांवर आली. डोळ्यांत उतरलेल्या रक्तातून तिला दिसलं, देवानंद पळाला नव्हता. तो तिच्या दिशेनं येत होता, दोन्ही हात पुढे करून, काहीतरी सांगत. काठी पाठीत बसली तरी आला. पावशीनं खांदा उघडला तरी आला. तिच्यापासून तीन हातांवर तो दगडाशी कोसळला आणि म्हणाला, “ताई, ढेकूळ...”

बोचऱ्याची कुऱ्हाड दोनदा वर गेली. दुसऱ्यांदा ती खाली आली तेव्हा रक्ताचे शिंतोडे वृषालीच्या ओठांवर आले. तिला त्याची चव कळली, आणि ती किंचाळायला लागली. वाकोडे साहेबांची जीप तोवर पांदणीच्या वाटेला लागली होती.

पुढचे सहा दिवस वृषाली तालुक्याच्या विश्रामगृहात होती, कपाळाला सात टाके, दाराशी पोलीस. बातम्या येत होत्या. एरंडखेडवाल्यांनी त्याच दुपारी ट्रॅक्टर लावून बाकीचे सहा दगड उपटले, घणांनी फोडले आणि खालची जागा नांगरून टाकली. दुसऱ्या दिवशी सांगवडीच्या पोरांनी एरंडखेडच्या दोघांना ट्रॅक्टरच्या सीटला बांधून पेटवलं. तिसऱ्या दिवशी सांगवडीतली एक गरोदर बाई गोठ्यात सापडली, पोटावर लाथा घातलेल्या, ती रात्र काढू शकली नाही. चौथ्या दिवशी जादा पोलीस आले आणि जमावबंदी लागली. मग हात बांधले गेलेल्या दोन्ही गावांचं सहा वर्षांत प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं. सांगवडीनं जाहीर केलं, मेसरे आमचा नव्हता, त्यानं कुणाचे पैसे खाल्ले त्यालाच ठाऊक. एरंडखेडनं म्हटलं, सगळ्याचं मूळ ते भोयाचं घर. कुत्रं मारायचं तर ते पिसाळलेलं ठरवावं लागतं. वनिता पोलिसांनी दिलेलं प्रेत जाळून नदीच्या घळीत कुठेतरी लपली होती.

वृषालीच्या डोक्यात एकच शब्द घणासारखा बसत होता. ढेकूळ. मरणाऱ्या माणसाला बायको आठवते, देव आठवतो. याला ढेकूळ का आठवलं?

२३ तारखेला सकाळी तिनं पोलिसाला औषध आणायला पाठवलं आणि मागच्या दारानं गाडी काढली. काठावर पोचली तेव्हा अकरा वाजले होते. पारा अठ्ठेचाळीसवर, पाखरूसुद्धा दिसत नव्हतं. तिसरा दगड पुरावा म्हणून दोऱ्या लावून राखला होता. त्याच्या पहाऱ्याचा एकुलता शिपाई बाभळीखाली घोरत होता. दगडाशेजारची माती काळी पडून फुटली होती, आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. वृषालीनं तिकडे बघायचं टाळलं. काळं कापड डोक्यावरून ओढून ती दगडाच्या बुडाशी आडवी झाली आणि हातानं उकरू लागली.

हातभर खाली बोटांना गोल काहीतरी लागलं. कलिंगडाएवढा मातीचा गोळा, घट्ट, गुळगुळीत, कुणीतरी हातानं वळलेला. तो ज्या खळग्यात बसला होता त्याला आतून बोटभर जाडीचं पांढरं क्षाराचं कवच होतं, बरोबर गोळ्याच्या मापाचं.

तिनं कापडाखालीच कांडीचं टोक गोळ्याला टेकवलं. अकरा महिने, तीस दिवस. नखभर आत. एक वर्ष, अकरा महिने, तीस दिवस. आणखी नखभर. दोन वर्षं, अकरा महिने, तीस दिवस. प्रत्येक थर पापडाएवढा, प्रत्येकात बरोबर एका वर्षाचं अंतर. मग तिनं गोळा बाजूला करून कांडी क्षाराच्या कवचातून खळग्याच्या तळाखाली घातली आणि अकरा मिनिटं पडून राहिली. त्या मातीनं दोनशे चौदा वर्षं ऊन पाहिलं नव्हतं.

म्हणजे दगड दर वर्षी उचलला जात होता. आणि दर वर्षी, दोनशे चौदा वर्षं, जागच्या जागी परत ठेवला जात होता. कुणीही, कधीही, बोटभरसुद्धा सरकवला नव्हता.

“थो गोया खाली ठेवा, ताई.”

वृषाली दचकून कापडाबाहेर आली. वनिता उभी होती. केस मोकळे, पाय काट्यांनी फाटलेले, काखेत नदीच्या चिखलानं भरलेलं मडकं. तिच्या मागे दूरवर धूर चढत होता. वस्ती पेटवली होती.

“वनिता, हे काय आहे?”

वनिता दगडाच्या सावलीकडे बघत बोलली. “शिवेची माती हाय. ज्या दिवशी दगडाची सावली दगडाखाली जाते, थ्या दिवशी दुपारी दगड उचला लागते. आज थोच दिवस हाय. मातीले ऊन दाखवा लागते, नाई त शीव झोपते. अन् झोपलेली शीव चोरीले जाते. मंग नदीचा नवा गाळ उन्हात धरून गोयाले एक लेप द्या लागते, अन् सगळं होतं तसं ठेवा लागते. माह्या सासऱ्यानं केलं, त्याच्या बापानं केलं. आमी ना या गावचे, ना थ्या गावचे, म्हून आमाले देलं हे काम.”

“मग सांगितलं का नाही? एक शब्द बोलला असता तर...”

“साक्षीदार कोन हाय हे कळ्ळं की साक्षीदार मरते, ताई. गोया हाय हे गावाले कळ्ळं असतं त कोनीबी एका रात्री बदलला असता. सांगाचं नाई, हीच त आन होती.” तिनं मडकं खाली ठेवलं. “तरी तुमाले सांगतलं त्यानं. आखीन कसं सांगाचं होतं?”

वृषालीला रडू फुटलं. चार वर्षं ती दरडीत जे शोधत होती ते हेच. वर्षाला एक थर, दोनशे चौदा वर्षांचे पूर आणि दुष्काळ क्रमानं वळून ठेवलेले. पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे असं काही असल्याचं तिनं ऐकलं नव्हतं. असे सात होते, प्रत्येक दगडाखाली एक. सहा घणांखाली, नांगराखाली गेले. तिच्या एका वाक्यानं गेले, आणि माणूस गेला.

पांदणीतून माणसं येताना दिसली तेव्हा शिपाई जागा झाला, एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बाभळीमागून पळत सुटला. शंभरेक जण होते. वस्तीत कुणी सापडलं नाही म्हणून ते काठानं माग काढत आले होते. पुढे बोचरे. खांद्यावर तीच कुऱ्हाड. पोलीस तिला आणि त्याला सहा दिवस शोधत होते.

“बाजूले व्हा, मॅडम,” तो नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला. “तुमाले आमी काई करत नाई. थे भोयाची बाई आमाले द्या.”

वृषाली वनिताच्या पुढे उभी राहिली. “अरविंदभाऊ, देवानंदनं दगड सरकवला नाही. कुणीच सरकवला नाही. मी चुकले.”

“कांडी म्हनाली ना?”

“कांडी म्हणाली, माती गेल्या वर्षी उन्हात होती. दगड सरकवला, असं कांडी म्हणालीच नाही. ते मी म्हणाले.” तिनं गर्दीकडे बघितलं. “आणि त्यानं मला काढू नका एवढंच सांगितलं नव्हतं. काढायचंच तर खालचं ढेकूळ काढा, असंही सांगितलं होतं. ते मी तुम्हाला सांगितलं नाही. हे बघा, आता डब्यावर आकडा आहे, दोनशे चौदा वर्षं...”

बोचरे क्षणभर आकड्याकडे बघत राहिला. हा आकडा खरा असेल तर आपण काय केलं, ते त्याला सगळ्यांआधी समजलं. ते समजल्यावर माणसापुढे दोनच वाटा असतात, आणि त्यानं सोपी धरली. कुऱ्हाड फिरली. डब्याचे दोन तुकडे झाले, आणि डबा धरलेल्या वृषालीच्या उजव्या मनगटाचं हाड कडकन मोडलं. हात मनगटापासून उलटा लोंबला.

“आता बोलाव तुह्या कांडीले,” बोचरे म्हणाला.

आकडे गेले. साठवलेलं सगळं गेलं. वेदनेनं तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तरी एक गोष्ट तिला स्पष्ट दिसत होती. आता या माणसांना जे डोळ्यांनी दिसेल तेवढंच खरं. गोळा कापडात गुंडाळून मुंबईला, प्रयोगशाळेत न्यावा, अंधारात एक एक थर सोडवावा, असं तिचं सारं शिक्षण ओरडून सांगत होतं. बोचऱ्यानं वनिताचे केस धरले होते.

वृषालीनं डाव्या हातानं कमरेला खोचलेला, नमुने फोडायचा हातोडा काढला.

“नोका फोडू!” वनिता किंचाळली. “ताई, शीव मरते!”

वृषालीनं सगळा जोर एकवटून हातोडा घातला. गोळा मधोमध फुटला, आणि दोन अर्धे भाग भरउन्हात उताणे पडले.

कांद्यासारखी वर्तुळं. काळी, तांबूस, करडी, मध्येच पांढरी. एकात एक, पार मधल्या गोटीपर्यंत. माणसं पुढे झुकली. गर्दीतले नथ्थूजी काठी टेकत खाली बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एरंडखेडात त्यांच्याएवढं जुनं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी नखानं बाहेरून मोजायला सुरुवात केली.

“एक, दोन, तीन, चार... हा पाचवा जाडा हाय. रेती हाय याच्यात. हा आपल्या अडतीसच्या पुराचा गाळ, बावा.” ते मोजत राहिले. घाम त्यांच्या हनुवटीवरून गोळ्यावर पडत होता. बराच वेळानं नख थांबलं. “सत्तर, एकाहत्तर. पांढराफक. निरा खार. हा बाहत्तरचा दुष्काय. म्या सहा वर्साचा होतो. माही भईन मेली थ्या साली.” त्यांनी खळग्यात हात घातला, क्षाराचं कवच चाचपलं, आणि त्यांचा आवाज फाटला. “एवढा खार धराले शंभर वर्सं लागते, पोट्टेहो. तुमी शेतकरी व्हय ना? पाहा डोयानं. हा दगड कोनीच हालवला नाई. काय करून बसलो आपन?”

गर्दी बोचऱ्यापासून मागे सरकू लागली. कुणी ठरवून नाही, एक एक पाऊल. ज्यांनी काठ्या चालवल्या होत्या त्यांनी त्या हळूच धुळीत सोडल्या, जणू त्या त्यांच्या नव्हत्याच. बघता बघता त्याच्याभोवती मोकळं रिंगण पडलं. वनिताचे केस अजून त्याच्या मुठीत होते. त्यानं मुठीकडे बघितलं, आणि ती उघडली. मग तो कुऱ्हाडीसकट खाली बसला आणि बैल हंबरावा तसा रडू लागला. त्याच्या भावाचं रडणंही त्यात असावं. वृषालीला त्याची कीव आली नाही.

वनिता उठली. दगडाची सावली दगडाखाली गेली होती. ती काळ्या पडलेल्या मातीशी गेली, नखांनी ती खरवडली आणि पदरात घेतली. देवानंदचं रक्त होतं ते. तिनं ती माती उन्हात पसरली, हातानं खालीवर केली. मग मडक्यातल्या चिखलात घालून मळली. फुटलेले दोन अर्धे भाग एकमेकांवर ठेवले आणि भाकरीचं पीठ थापावं तशी लेप देऊ लागली. लांबून पोलिसांच्या गाड्यांचे भोंगे ऐकू यायला लागले होते. कुणीही जागचं हललं नाही.

“बोचरे,” ती मागे न बघता म्हणाली. “ये. लाव.”

तो गुडघ्यांवर रांगत आला. चिखलात हात बुडवून त्यानं गोळ्याला लावला, आणि तिथेच डोकं टेकून बसला.

वृषाली मोडका हात छातीशी धरून थोडी दूर उभी होती. आता आपलं इथे काही काम उरलं नाही, असं तिला वाटत होतं. वनितानं मडकं तिच्यापुढे धरलं.

“ताई, तुमी बी लावा.”

“मी?”

“वर्साले एक थर पाह्यजे होता ना तुमाले?” वनिताच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिकच झोंबलं. “हे वर्स बी लिवलं पाह्यजे. याच्यात तुमचा बी हात हाय.”

वृषाली खाली बसली. डावा हात तिनं मडक्यात घातला. चिखल कढत होता. तिनं मूठभर घेतला आणि गोळ्यावर, जिथे तिच्या हातोड्याची भेग दिसत होती तिथे, बोटांनी दाबून बसवला.